ड्रमातला समुद्र

“मथुरा, हात घालू नको पाण्यात!” धुरपदा ओरडली तेव्हा माझी बाही कोपरापर्यंत सारलेली होती आणि बोटं पाण्यापासून जोंधळ्याच्या दाण्याएवढी वर होती. तशीच राहिली. टाकीतला एक मासा फुटक्या मडक्यामागं अडकून पडला होता. त्याला मोकळा करावा म्हणून मी वाकले होते, ते माझं काम नसताना. खोलीत सगळ्या बाया होत्या. कुणी खायला घालत होती, कुणी तळाची घाण ओढत होती, सगळ्यांचे हात एकदम थांबले. हवेचा पंप तेवढा गुरगुरत राहिला, त्याला काय, त्याला कान नसतात. मी मान वळवून विचारलं, “का?” नुसतं का, मोठ्यानं पण नाही. धुरपदानं माझ्याकडं बघितलं नाही. “नको म्हणलं ना,” एवढं बोलून ती काच पुसायला लागली, पुसलेलीच काच. कारण सांगितलं नाही. सांगण्यासारखं असलं की माणूस सांगतंच. मी बाही खाली ओढली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. पाठीमागं बचत गटातली जगदेवी “मावशी, अवो मावशी” करत दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडातल्या दिवसांपासून आजपर्यंत धुरपदा मला मथुराबाई म्हणत आली होती. आज बाई गळून पडली आणि खाली जी निघाली ती जुनीच मथुरा निघाली.

रस्त्यानं येताना माझ्या ध्यानात आलं की मी उजवा हात पदराखाली घेतलाय. भाजल्यावर घेतात तसा. काढला बाहेर. थोड्या वेळानं बघते तर परत आत. एक ऑटोवाला सावकाश करून म्हणाला, “आजी, सोडू का घरी?” मी म्हणलं, “माझे पाय काय तुझ्या बापानं नेलेत?” तो गेला बिचारा. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण त्या वेळी जो समोर येईल त्याला मी फाडून खाल्लं असतं. डोक्यात एकच वाक्य, पंपाच्या बुडबुड्यासारखं, खालून येतंय, वर येऊन फुटतंय, परत खालून येतंय. हात घालू नको. हात घालू नको. साठी कधीच उलटली माझी. पोरगा प्रसेनजित सरकारी नोकरीत, सून संघप्रिया कोर्टात कामाला, दारात दोन गाड्या, आणि एका वाक्यात मी परत आडाच्या कडेला उभी.

आम्ही त्या खोलीत समुद्रातले मासे वाढवतो. हसा खुशाल, मीही आधी हसलेच होते. या धाराशिवात नळाला पाणी आलं की बाया सगळी कामं टाकून पळतात, आणि तिथं आम्ही समुद्र करतो. बंद पडलेल्या बालवाडीची खोली आहे, भिंतीवर गणपती, घर, चमचा अजून रंगवलेले, आणि त्यांच्या खाली ओळीनं काचेच्या टाक्या. मासे खायचे नाहीत, बघायचे. शेंदरी अंग, त्यावर पांढरे पट्टे, पट्ट्याला काळी कड. वरातीतल्या बँडवाल्यांचा कोट असतो ना, तस्सा. म्हणून आम्ही त्यांना बँडवालेच म्हणतो. कोकणातून नखाएवढी पिल्लं येतात, हवा भरलेल्या पिशव्यांतून. ती आम्ही वाढवतो आणि पुण्या-सोलापूरच्या दुकानांना देतो, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मिरवायला. शिकवायला कोकणातल्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी भिंतीवर चादर ताणून दूरच्या कुठल्या बेटावरच्या बाया दाखवल्या. डोक्यावर ओढण्या, दारात नारळ आणि नारळाच्या पलीकडं नुसतं पाणी. त्याही हेच मासे वाढवतात. त्यातली एक म्हातारी, माझ्याएवढीच असेल, बादली घेऊन निघाली, चालत पाण्यात गेली, बादली बुडवली आणि आली भरून. कुणाला विचारलं नाही. कुणी बाजूला सरकलं नाही. आमच्या बाया मासे बघत होत्या. मी त्या बादलीकडं बघत राहिले. मॅडमना म्हणलं, “ते बादलीचं परत लावा.” त्यांना वाटलं मला बादलीचं माप पाहिजे.

माझं काम समुद्र करायचं. समुद्र मी डोळ्यानं बघितलेला नाही, अजूनही. निळ्या ड्रमात गाळलेलं पाणी घ्यायचं, त्यात पोत्यातलं समुद्राचं मीठ सोडायचं आणि लांब दांड्यानं घोटत राहायचं, आंबील घोटतात तसं, एकाच बाजूनं. घोटताना मी बडबडते. लोकांना शिव्या घालते, सुनेची गाऱ्हाणी सांगते, मेलेल्या नवऱ्याला चार गोष्टी ऐकवते. मीठ विरघळतं. मग जगदेवी त्यात खार मोजायची काचेची काडी सोडते, ती कुठवर बुडते ते बघते आणि म्हणते, “जमला,” नाहीतर म्हणते, “घोटा अजून.” तिथं माझा शब्द चालत नाही, काडीचा चालतो. मला त्याचं काही नाही. काडी जात बघत नाही. पण मागच्या आठवड्यात खिडकीकडच्या टाकीतले सगळे बँडवाले आडवे झाले. सकाळी कुलूप काढलं तर पोटाकडून पांढरे पडून वर तरंगत होते, जशी लग्न मोडल्यावर फेकलेली फुलं. जगदेवी रडली. रडता रडता म्हणाली, “मिठात तर काही आलं नसंल ना, मावशी?” मी म्हणलं, “माझं मीठ वंगाळ असतं तर बाकीच्या टाक्या काय उपाशी होत्या व्हय? त्यांनी बी तेच प्यालं.” ती गप्प बसली. पण नजरा गप्प बसत नाहीत. तेव्हापासून मी घोटायला लागले की कुणी ना कुणी येऊन उभं राहायचं, सहज आल्यासारखं. आणि धुरपदा, जी एरवी माझ्या बाजूनं चार शब्द जास्तच बोलायची, ती त्या दिवशी भिंतीवरच्या चमच्याकडं बघत बसली होती. तिला का वाचा बसली हे मला तेव्हा उमगलं नाही. आता घरी येऊन पलंगावर बसले आणि दोन्ही गोष्टींची गाठ मारली. मीठ माझं, मेले मासे, आणि आता हातही नको. म्हणजे कधीपासून चाललंय हे तिच्या मनात? का कधी थांबलंच नव्हतं?

आमचं गाव सास्तूरच्या पलीकडं, छोटं. आमच्या सासऱ्यानं देव्हाऱ्यातले देव नेऊन पाण्यात सोडले आणि घर बुद्धाचं झालं, ते मी लग्न होऊन यायच्या आधीचं. देव बुडाले, आडावरची रांग काही बुडली नाही. आम्ही कळश्या घेऊन आडाच्या खालच्या अंगाला बसायचो आणि वरची कुणी बाई दया येईल तेव्हा ओतायची. वरून. तिचं भांडं आमच्या भांड्याला लागू द्यायचं नाही. ज्या साली मी नवी नवरी, त्याच साली धुरपदा वरच्या घरात नवी नवरी. हिरवा चुडा, नाकात नथ, पोहऱ्याचं ओझं न पेलवणारी पोर. तिची सासू कठड्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि धुरपदा ओतायची. इतका उंच हात करायची की अर्धं पाणी माझ्या कळशीत आणि अर्धं माझ्या डोक्यावर. थेंब उडून परत आपल्या भांड्याला लागला तर सासू सगळं ओतून टाकायला लावेल, हे भ्या तिच्या डोळ्यांत मला खालून दिसायचं. मी खालून म्हणायची, “वैनी, वाईच खाली घ्या.” ती म्हणायची, “बसा गप.” पण गोड म्हणायची. ते लोक ओरडायचे नाहीत. हे कुणाला सांगून पटणार नाही. ओरडायची गरजच नव्हती, सगळं गोडीत चालायचं. भिजलेलं लुगडं अंगाला चिकटायचं आणि घरी येईपर्यंत वाळायचं. ओल जायची, ते जायचं नाही.

मग जमीन हलली. सगळ्यांना ठाऊक आहे ते, मी काय नवं सांगणार. आमच्या कुडाच्या भिंती, वर पत्रा, त्या आमच्या अंगावर पडल्या आणि आम्ही झटकून उठलो. त्यांच्या दीड-दीड हात रुंदीच्या दगडी भिंती. गणपती बुडवून रात्री दमून झोपलेली माणसं भिंतींनी आहे तिथं झाकून टाकली. उजाडल्यावर आमच्या माणसांनी हातांनी दगड काढले. धुरपदाची सासू गेली होती. धुरपदाचा हात आधी दिसला, चुड्यावरून ओळखला. ओढून काढली तेव्हा डोळे उघडे आणि तोंड मातीनं भरलेलं, ओरडायला उघडलेलं आणि तसंच भरलेलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ही बोटं, हीच उजव्या हाताची, तिच्या तोंडात घातली आणि माती काढली. जिभेखालची, गालातली. मग तांब्यातलं पाणी तिच्या तोंडात थेंब थेंब सोडलं. तेव्हा नाही म्हणाली हात घालू नको. पुढं पत्र्याच्या शेडात मिलिटरीची पाण्याची गाडी यायची, एक तोटी, एक रांग. ज्याची बादली आधी त्याचं पाणी आधी. धुरपदा मला तिथंच पहिल्यांदा मथुराबाई म्हणाली. मी मनात म्हणलं, एवढ्या माणसांच्या मरणाची किंमत देऊन एक ‘बाई’ मिळाली, सांभाळून ठेवावी. नवी घरं बांधली तेव्हा ओळी परत जिथल्या तिथं लागल्या, ते वेगळं. पण पोरांच्या नोकऱ्यांमागं आम्ही दोघी धाराशिवला आलो, बाजारात एकमेकींना सापडलो, वांगी निवडता निवडता रडलो आणि भाजीवाल्याचा खोळंबा केला. बचत गट तिनं काढला, मला पहिलं नाव घालायला लावलं ते तिनंच. माझ्या घरी चहा पिते. पण चहाचं काही नसतं. चहा सगळेच पितात, चहा उकळलेला असतो. पाण्याचं खरं असतं. मला हे आज नाही, कायम ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी तिच्याशी हसत होते, कारण माणसाला कधी तरी बसून दम खायचा असतो.

संघप्रिया दुपारी जेवायला घरी आली. मी मिश्री लावत दारात बसले होते. राग आला की मला मिश्री लागते, सासूपासूनची सवय. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची, बोटानं दातावर फिरवायची. डोकं जागेवर येतं. सुनेला तो वास आवडत नाही. तिनं नाक मुरडलं, मग माझं तोंड बघून ताट तसंच ठेवून खाली बसली. मी सांगितलं. ती म्हणाली, “आई, पण त्यांना का ते विचारलं का तुम्ही?”

“विचारलं की. नको म्हणलं ना, म्हणाली.”

“म्हणजे कारण सांगितलं नाही. म्हणजे कारण आपण धरून चाललोय.”

“कोर्टात राहून तुला दोन्ही बाजू ऐकायची खोड लागलीय,” मी म्हणलं. “आमच्या वक्ताला एकच बाजू होती. वरची. तुझ्या डोक्यावर कुणी पाणी ओतलं न्हाय कधी.”

ती उठताना म्हणाली, “न्हाय ओतलं. पण आई, तुम्ही स्वतःच म्हणता ना, ते लोक ओरडायचे नाहीत म्हणून.” आणि गेली कामावर. जाताना माणसाच्या कानात किडा सोडून जायची तिची रीत आहे. मी बसले त्या किड्याशी भांडत. खरंच, धुरपदाच्या आवाजात ते गोड नव्हतं. तो आवाज मी कुठं ऐकलाय? रस्त्यात नातवंड गाडीपुढं पळालं की आजी ओरडते, तो. पण मी ते मनातून लोटून दिलं. एवढ्या स्वस्तात मी विकले जाणार नव्हते. उद्या कोकणातून नवी पिल्लं यायची होती आणि आज ड्रम भरायचा होता. करा म्हणलं तुमचा समुद्र तुम्ही. घोटा तुमच्या सोवळ्या हातांनी. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, पिशव्यांतली पिल्लं तोंड उघडझाप करतायत आणि समुद्र तयार नाही. त्यांचा काय दोष? ती तर बँडवाल्यांची पोरं, कुणाच्याही वरातीत वाजवणारी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फाटक वाजलं. धुरपदा. पदर नीट डोक्यावर, कुणाच्या मयतीला आल्यासारखी. मी उठले नाही. ये म्हणलं नाही. ती स्वतःच येऊन पायरीवर बसली, माझ्या खालच्या पायरीवर, हे मी टिपून ठेवलं. मग म्हणाली, “हात दाव.”

“का? मोजायची का बोटं?”

“दाव म्हणलं ना.” आणि तिनंच माझा हात ओढून घेतला, नाकाशी नेला आणि कुत्रं हुंगतं तसा हुंगला. मी ओढायला लागले तर सोडेना. “मिश्री,” ती म्हणाली. “सकाळी बी होती. वाकलीस तवा वास आला मला. पाण्यात गेलं असतं ते बोट, तर ती टाकी गेली असती सगळी.”

“कुणी सांगितलं?”

“म्या मॅडमला फोन केला होता काल. कशानं मेले असतील म्हणून. त्यांनी विचारलं, हाताला साबण? बाम? तंबाखू?” हात अजून तिच्याच हातात होता. “मथुरा, खिडकीकडचे मासे तुज्या मिठानं न्हाय मेले. माज्या बोटानं मेले.”

मला आधी कळेना. धुरपदा आणि मिश्री? वरच्या घरची, सुनांना दातवणाची शिस्त लावणारी, जिच्या समोर जगदेवी सुपारी तोंडात असली तर गिळते! मी तिचं बोट ओढून हुंगलं. वास होता. पुसलेला, धुतलेला, पण मला फसवणार कोण? त्या वासात मी जन्म काढलाय.

“तू कधीपासून?”

“न्हाणीत लावते. सुनांना म्हाईत न्हाय.” मग तिनं मान खाली घातली आणि जे बोलली ते पायरीला सांगितल्यासारखं बोलली. “तोंडात माती होती. तू बोट घातलंस. मातीनंतरची पैली चव ती होती, तुज्या बोटाची. मला वाटलं, आपन जित्ते आहोत. पुढं शेडात झोप यायची न्हाय, डोळा मिटला की परत माती. मग बाजारातून चोरून आणली आन् दातावर फिरवली. माती गेली. तवापासून लागली ती लागली.”

आतून काही तरी सैल झालं, घट्ट नेसलेल्या लुगड्याची गाठ सुटावी तसं, आणि त्याच वेळी रागही आला, दोन्ही एकदम. म्हणलं, “आठ दिवस माझ्या मिठाकडं बघत होत्या सगळ्या. तू चमच्याकडं बघत बसलीस.”

“व्हय. पैल्या दिवसापासून मनात खुटखुट होती, फोन करायचा धीर कालच झाला.”

“आन् सकाळी? बोट धू म्हणायला काय झालं होतं?”

“बोट म्हणलं असतं तर मिश्री म्हणावं लागलं असतं. मिश्री म्हणलं असतं तर माज्याच तोंडावर लाज दिसली असती. जे तोंडाला आलं ते वरडले. तू निगून गेल्यावर मला ऐकू आलं, म्या काय म्हणलं ते.” तिनं डोळे पुसले. “आडावर म्हणलं न्हाय कधी असं, आन् आता म्हणलं.”

“आडावर तू गोड बोलायचीस,” मी म्हणलं.

“सासू हुबी असायची.”

“आता कोण हुबं आहे?”

मी चपला घातल्या. “चल,” म्हणलं. “पायरीला सांगितलंस, आता खोलीत सांग. जगदेवी समोर पाहिजे, सगळ्या पाहिजेत.” ती म्हणाली, “माज्या सुनंला कळंल.” मी म्हणलं, “कळू दे. माझ्या मिठाची इज्जत तुझ्या सुनेच्या भ्यानं मी घालवू व्हय?” चालताना ती दोन पावलं मागं होती आणि मी पुढं. हात पदराखाली नव्हता.

खोलीत बाया ड्रमभोवती उभ्या होत्या, दांडा कुणी उचललेला नव्हता. धुरपदानं सांगितलं. थोडक्यात, पण सगळं. “खिडकीकडचे माज्या मिश्रीनं गेले, मथुराबाईच्या मिठाचा काय संबंध न्हाय.” जगदेवीचा आ वासला. आधी ती माझ्याकडं आली आणि पायाला हात लावायला वाकली, तिला मी टपली मारली. मग म्हणाली, “पाटलीणबाई, तुमी? मिश्री?” आणि तिला जे हसू फुटलं ते सगळ्यांत पसरलं. धुरपदा म्हणाली, “हसा, हसा. कुत्र्यांनो.” आणि स्वतःही हसायला लागली, आणि टाक्यांतले बँडवाले काचेपाशी येऊन गोळा झाले, त्यांना वाटलं खायला आलं.

अडकलेला मासा अजून मडक्यामागंच होता, कल्ले हलत होते. काढायला हवा. जगदेवीनं बादली आणि तांब्या बाहेरच्या दगडापाशी आणून ठेवला, मुठीत मीठ दिलं, बोटांना चोळायला, कारण साबण पण चालत नाही. आम्ही दोघी दगडापाशी वाकलो. धुरपदानं सवयीनं तांब्या उचलला आणि म्हणाली, “धरा हात, मी वतते.” माझे हात पुढं गेलेच नाहीत. ती तांब्या धरून उभी, मी तिच्याकडं बघते. काही वेळ तिला कळलं नाही. मग कळलं. तिनं तांब्या माझ्या हातात दिला आणि खाली बसली, त्या दगडापाशी, आणि दोन्ही हातांची ओंजळ करून वर धरली.

माझा हात आपोआप उंच गेला. मी नाही नेला, तो गेला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, त्याला जागा ठाऊक होती. खालून ती ओंजळ बघत होती, सुरकुतलेली, मीठ चोळलेली. वरून माणूस किती लहान दिसतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि तिच्या डोळ्यांत तेच भ्या, फक्त या वेळी ते कुठल्या सासूचं नव्हतं. मी तसा धरून राहिले. मग हात खाली आणला. हळूहळू, कानाखाली, खांद्याखाली, छातीखाली, तांब्याचा काठ तिच्या बोटांना लागेपर्यंत. लागला. ठेवला तिथंच, टेकवून.

“वत की आता,” धुरपदा म्हणाली, “का समुद्र आटायची वाट बगतीस?”

मी ओतलं.